बॅडमिंटन : आधी नियम, मग खेळ

दिवाळी झाली आणि थंडी पडू लागली की आमच्या दवाखान्यात दोन प्रकारचे रुग्ण वाढतात. एक सर्दी-खोकल्याचे आणि दुसरे बॅडमिंटनचे! गल्लीत, कॉलनीत, शाळेच्या पटांगणावर दोन खांब उभे राहतात, जाळी बांधली जाते, दिवे लागतात आणि वर्षभर खुर्चीवर बसलेली मंडळी रॅकेट घेऊन बाहेर पडतात. ही अतिशय चांगली गोष्ट आहे. परंतु नियम न कळता खेळले तर काय होते, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझे जोडीदार होते एक शिक्षक मित्र. ते पुढे जाळीजवळ, मी मागे. समोरच्यांनी शटल उंच उडवले. ते माझ्या उजव्या हाताला, कडेच्या पट्ट्यात येत होते. सरांना वाटले, ते बाहेर चालले आहे. ते मागे वळले आणि ओरडले, "डॉक्टर, सोडा, बाहेर आहे!" पण दुहेरीत तो पट्टा आतच धरतात. मला ते ठाऊक होते, म्हणून मी जोरात मारले. शटल सरांच्या डाव्या डोळ्यावर बसले. बुबुळाच्या पुढे रक्त साकळले. आठवडाभर सक्त विश्रांती, मग महिनाभर औषधे. दृष्टी वाचली, पण डोळ्यातील दाब वाढतो की काय हे पाहायला त्यांना आजही दरवर्षी नेत्रतज्ज्ञांकडे जावे लागते. चूक त्यांची म्हणावी की माझी? माझ्या मते दोघांची. रोज एकत्र खेळत होतो, पण कोणती रेषा कधी धरायची हे आम्ही एकमेकांशी कधी बोललोच नव्हतो.

म्हणून आज औषधांऐवजी नियम सांगतो.

मैदान आणि रेषा

पूर्ण मैदान ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद असते. जाळी खांबापाशी ५ फूट १ इंच आणि मध्यभागी बरोबर ५ फूट उंच. दोन्ही कडांना दीड-दीड फुटाचा पट्टा असतो. एकेरी सामन्यात हे पट्टे बाहेर धरतात, म्हणजे रुंदी १७ फूट उरते. दुहेरीत ते आत असतात. शटल रेषेवर पडले तर ते 'आत'च. एवढे लक्षात ठेवले तरी निम्मी भांडणे मिटतील.

सर्व्हिस

सर्व्हिस नेहमी तिरकी, समोरच्या कर्णातील चौकोनात करायची. सर्व्हिस करणाऱ्याचे गुण सम असतील (०, २, ४) तर उजवीकडून, विषम असतील तर डावीकडून. जाळीपासून साडेसहा फुटांवरची रेषा शटलने ओलांडली पाहिजे. दुहेरीत सर्व्हिस मागच्या शेवटच्या रेषेपर्यंत चालत नाही. तिच्या अडीच फूट आतल्या रेषेपर्यंतच चालते. मात्र सर्व्हिस झाल्यावर पुढच्या खेळात मागची पूर्ण जागा आत धरतात.

पूर्वी सर्व्हिस कमरेच्या खालून करावी असा नियम होता. २०१८ पासून मोठ्या स्पर्धांत नवा नियम आला. मारण्याच्या क्षणी संपूर्ण शटल जमिनीपासून १.१५ मीटर, म्हणजे साधारण पावणेचार फुटांच्या खाली हवे. खालून मारलेले शटल वर चढून मग पलीकडे जाते, त्यामुळे घेणाऱ्याला सावरायला वेळ मिळतो. समोरचा तयार नसताना सर्व्हिस करू नये. तो बुटाची नाडी बांधत असेल, चष्मा पुसत असेल, तर थांबा.

गुण

२००६ पूर्वी खेळलेल्यांना आठवत असेल की सर्व्हिस ज्याची, त्यालाच गुण मिळे आणि डाव १५ चा असे. २००६ मध्ये २१ गुणांची पद्धत आली. तीत सर्व्हिस कोणाचीही असो, प्रत्येक रॅलीला गुण मिळतो. रॅली म्हणजे सर्व्हिसपासून शटल खाली पडेपर्यंतची सलग टोलवाटोलवी. २०-२० अशी बरोबरी झाली तर दोन गुणांची आघाडी हवी. २९-२९ झाले तर तिसावा गुण घेणारा जिंकतो. तीनपैकी दोन डाव जिंकले की सामना जिंकला.

या पद्धतीत एक आरोग्याचा नियमही आहे. एक बाजू ११ गुणांवर पोहोचली की ६० सेकंदांची विश्रांती आणि दोन डावांच्या मध्ये दोन मिनिटांची. आपल्याकडे हीच विश्रांती मंडळी खाऊन टाकतात. "चला चला, लाईट जाईल!" पण ती मिनिटे दोन घोट पाणी पिण्यासाठी आणि श्वास खाली बसण्यासाठी आहेत. चाळिशीनंतर तर ती औषधासारखी घ्यावीत.

फॉल्ट आणि लेट

हे दोन शब्द नीट समजून घ्या. फॉल्ट म्हणजे चूक, गुण समोरच्याला. खेळ चालू असताना रॅकेट, अंग किंवा कपडा जाळीला लागला, शटल अंगाला लागले, एकाच बाजूच्या दोघांनी लागोपाठ मारले, किंवा शटल आपल्या बाजूला येण्याआधीच जाळीपलीकडे जाऊन मारले, तर तो फॉल्ट. लेट म्हणजे रॅली रद्द, पुन्हा सर्व्हिस. गुण कोणालाच नाही.

'लेट' हा शब्द हाडे वाचवतो. शेजारच्या खेळातले शटल पायाखाली आले, लहान मूल मैदानात शिरले, की ताबडतोब मोठ्याने "लेट" म्हणा आणि थांबा. एका गुणासाठी पायाखालच्या शटलवरून घसरून मनगट मोडलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

डोळा सांभाळा

शटलच्या बुचाचा व्यास २५ ते २८ मिलिमीटर असतो. आपल्या डोळ्याची खोबण त्याहून मोठी असते. मोठा चेंडू लागला तर भुवईचे आणि गालाचे हाड मार झेलते, शटल मात्र थेट डोळ्यापर्यंत पोहोचते. आणि त्याचा वेग? २०२३ मध्ये जपानमधील एका चाचणीत आपल्या सात्विकसाईराज रंकीरेड्डीने मारलेल्या स्मॅशचा वेग ताशी ५६५ किलोमीटर मोजला गेला. आपल्या गल्लीतला स्मॅश तेवढा नसेल, पण डोळ्याला पुरेसा असतो.

म्हणून पुढे उभे राहणाऱ्याने मागे वळून पाहू नये. नजर समोर आणि रॅकेट छातीच्या वर धरावी. 'सोडा', 'माझे' असे ओरडायचे ते पुढे बघूनच. साध्या काचेचा चष्मा घालून खेळू नका. काच फुटली तर दुहेरी संकट. पॉलिकार्बोनेटचा खेळाचा चष्मा मिळतो, तो घ्यावा. डोळ्याला मार लागलाच तर चोळू नका, घरातले कुठलेही थेंब घालू नका आणि दुखणे थांबले तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा. डोळ्यापुढे काळे ठिपके, विजेसारखी चमक किंवा पडदा आल्यासारखे वाटले, तर एक तासही दवडू नका.

टाच, पिंढरी आणि छाती

बॅडमिंटनमध्ये एकदम थांबणे, एकदम पळणे फार. थंड स्नायूंनी असे केले की टाचेमागची जाड शीर तुटू शकते. रुग्ण सांगतो, "मागून कोणीतरी लाथ मारल्यासारखे झाले, वळून पाहिले तर कोणीच नाही." मग त्या एका पायाच्या चवड्यावर उभे राहता येत नाही. असे झाल्यास चालू नका आणि मालीश तर मुळीच करू नका. कपड्यात बर्फ गुंडाळून पंधरा मिनिटे लावा, पाय उंच ठेवा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. पहिले दोन दिवस शेक देऊ नका.

हे टाळायचे असेल तर खेळण्याआधी दहा मिनिटे द्या. जागच्या जागी पळणे, घोटे फिरवणे, मग हळू हळू टोलवाटोलवी. चपलेवर किंवा अनवाणी खेळू नका. चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तर मोसम सुरू होण्याआधी तपासणी करून घ्या. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. आणि खेळताना छातीत जडपणा, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, थंडगार घाम असे काही झाले, तर "हा डाव संपू दे" म्हणू नका. तिथेच थांबा, रॅकेट खाली ठेवा आणि सोबत्यांना घेऊन लगेच रुग्णालय गाठा.

हा खेळ आपला आहे

एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीतील इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत आणि त्याला 'पूना' असेच नाव पडले होते. पुढे इंग्लंडमधील 'बॅडमिंटन हाऊस' या वाड्याचे नाव त्याला चिकटले. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर १९५६ मध्ये मलायात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय ठरले. अशा खेळाची आपण लाज राखली पाहिजे.

आमचे शिक्षक मित्र पुन्हा खेळू लागले आहेत. आता खेळण्याआधी ते पटांगणावर चुन्याने सगळ्या रेषा स्वतः आखतात आणि नव्या माणसाला आधी एकेरीची रेषा कोणती, दुहेरीची कोणती, हे दाखवतात. मग माझ्याकडे बघून हसून म्हणतात, "डॉक्टर, आता मी पुढेच बघतो. मागचं तुम्ही बघा."

वाचकहो, आज संध्याकाळी जाळी बांधाल तेव्हा पाच मिनिटे जास्त काढा. आधी रेषा, मग नियम, मग अंग मोकळे करणे आणि त्यानंतर पहिली सर्व्हिस.