बिलाचा क्रमांक आणि फाइलचे नाव

संगणकावर बिले करणाऱ्या आपल्या बंधूंना एक अडचण वारंवार येते. बिल तयार होते, कागदावर उमटतेही. परंतु त्याची पीडीएफ प्रत जतन होत नाही आणि ‘मार्ग सापडत नाही’ अशी सूचना पडद्यावर येते. 2024-25 साली ऐन तुरीच्या हंगामात आमच्या पेढीवर असेच झाले. मुनीमजींनी यंत्रास दोष दिला. वस्तुतः दोष एका तिरक्या रेघेचा होता.

बिलाच्या क्रमांकावरूनच सॉफ्टवेअर फाइलचे नाव आपोआप रचते. क्रमांक 24-25/0117 असला, की विंडोज प्रणाली ती रेघ दोन कप्प्यांमधील पडदी समजते आणि ‘24-25’ नावाच्या, मुळात नसलेल्या कप्प्यात शिरू पाहते. प्रश्नचिन्ह, तारांकन आणि वेळ लिहिताना येणारी दोन टिंबे हीही तिला फाइलच्या नावात वर्ज्य आहेत.

मुनीमजी बिलाचा क्रमांकच बदलावयास निघाले होते. मी हात धरला. दिलेल्या बिलाचा क्रमांक कदापि बदलू नये, कारण ग्राहकाची करवजावट त्यावरच जुळते. शिवाय 2017 च्या केंद्रीय जीएसटी नियमावलीतील 46 वा नियम क्रमांकात तिरकी व आडवी या दोन्ही रेघा चालवून घेतो. मात्र एकूण चिन्हे 16 हून अधिक नसावीत. तेव्हा केवळ फाइलच्या नावात तिरकीच्या जागी आडवी रेघ घालण्यास सॉफ्टवेअरवाल्यास सांगावे, आणि 1 एप्रिलची नवी मालिका आडव्या रेघेचीच धरावी.