अणुकेंद्रीय द्रव्याचा सामूहिक प्रवाह

कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात व काटकोनात वळून एकत्रितपणे पूर्वेकडे वाहू लागतात. पुढे तेच पाणी सांगलीस पोहोचते. पुराच्या दिवसांत तेथे कोणी थेंबाथेंबाचा माग काढीत नाही. आयर्विन पुलाजवळील पातळी पाहून सबंध प्रवाहाचा अंदाज घेतला जातो. अणूच्या गाभ्यातील द्रव्यही असेच एकजुटीने वाहते काय, हा आधुनिक भौतिकशास्त्रातील एक मूलभूत प्रश्न होय.

सोन्याच्या अणुकेंद्रात ७९ प्रोटॉन व ११८ न्यूट्रॉन असतात. अशी दोन अणुकेंद्रे प्रचंड वेगाने एकमेकांवर आदळविली असता त्यांतील द्रव्य क्षणमात्र दाबले जाते आणि मग विखुरते. विखुरणारे कण सुटे सुटे उधळतात, की एकमेकांना रेटीत वाहतात? बर्कले येथील प्रयोगात १९८४ साली नायोबियमच्या अणुकेंद्रांच्या टकरींत सामूहिक प्रवाहाची स्पष्ट खूण प्रथम आढळली.

ही खूण ओळखावयाची कशी? बहुतेक टकरी थोड्या बाजूने होतात. त्यामुळे दोन्ही अणुकेंद्रांचा एकमेकांवर आलेला भाग बदामाच्या आकाराचा असतो. मध्यभागी दाब अधिक व कडेला शून्य. बदामाच्या अरुंद बाजूने हा उतार तीव्र, म्हणून त्या दिशेने द्रव्य अधिक जोराने बाहेर पडते. कण परस्परांशी न भिडता सुटले असते, तर ते सर्व दिशांना सारखेच गेले असते. दिशादिशांतील हा फरक म्हणजेच प्रवाहाचा पुरावा.

अमेरिकेतील ब्रुकहेवन येथे २००० साली सुरू झालेल्या वेगवर्धकावर हा फरक अपेक्षेहून ठळक दिसला. अतितप्त द्रव्य विरळ वायूसारखे वागेल, अशी अनेकांची कल्पना होती. परंतु ते अत्यल्प श्यानतेच्या, म्हणजे जवळजवळ चिकटपणा नसलेल्या द्रवासारखे वाहते, असे २००५ साली जाहीर झाले. विश्वजन्मानंतरच्या पहिल्या काही मायक्रोसेकंदांत सर्व द्रव्य अशाच क्वार्क व ग्लुऑन यांच्या अवस्थेत होते, असे मानले जाते. जिनिव्हाजवळील वेगवर्धकावर नोव्हेंबर २०१० मध्ये शिशाच्या अणुकेंद्रांच्या टकरी घडविण्यात आल्या. तेथेही असाच प्रवाह आढळला.

तथापि, एकाच कणाच्या विघटनातून निघालेले दोन-तीन कणही एका दिशेने जातात आणि प्रवाहाचा आभास निर्माण करतात. मूठभरांची सोबत आणि सर्वांची एकजूट यांत भेद करणे आवश्यक होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील राजीव भालेराव यांनी निकोला बोर्गिनी व जाँ-इव्ह ओलित्रो यांच्यासह २००३ साली यासाठी एक गणिती पद्धती मांडली. तीत एका टकरीतील सर्व कणांचा एकत्र विचार केला जातो.

नदीची उपमा येथे एका मर्यादेपर्यंतच लागू पडते, कारण कृष्णेस जमिनीचा उतार वळवितो, तर अणुकेंद्रीय द्रव्यास त्याचा स्वतःचाच दाब. शिक्षकांना हे वर्गाबाहेर सहज दाखविता येईल. सारख्या जोराच्या दोन नळ्यांच्या धारा समोरासमोर धराव्यात. पाणी आडव्या दिशेने चकतीसारखे पसरते. मूठ-मूठ मोहरी समोरासमोर फेकली, तर बहुतेक दाणे न भिडताच पलीकडे जातात. समूह आणि प्रवाह यांतील अंतर विद्यार्थ्यांना एवढ्यावरूनही उमगेल.