कायदा आणि गुन्हेशास्त्र : एक आवश्यक जोड-अभ्यास

बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेला बीड जिल्ह्यातील धारूर तालुका ऊसतोड कामगारांचा म्हणून ओळखला जातो. दसरा-दिवाळी आटोपली की नवराबायकोचा एकेक 'कोयता' साखर कारखान्यांच्या वाटेला लागतो. गावात म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले तेवढी उरतात. वयात येणाऱ्या मुलीला मागे कोणाच्या भरवशावर ठेवावे, या काळजीपोटी काही आईबाप तिचे लग्न अकालीच उरकून टाकतात. कायद्याच्या दृष्टीने हा गुन्हा होय. परंतु तो का घडतो, हे केवळ कलमे वाचून उमगत नाही. गुन्हा कशास म्हणावे, हे कायदा सांगतो. तो का घडतो व कसा टळेल, याचा शोध गुन्हेशास्त्र घेते. ही दोन्ही शास्त्रे जोडीने अभ्यासावयास हवीत, ती याचसाठी.

दोन शास्त्रे, एकच प्रश्न

बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ अन्वये मुलीचे वय १८ व मुलाचे २१ वर्षे पूर्ण असले पाहिजे. १८ वर्षांवरील पुरुषाने अल्पवयीन मुलीशी विवाह केल्यास दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. विवाह घडवून आणणारेही दोषी ठरतात. न्यायदंडाधिकाऱ्यास असा विवाह थांबविण्याचा मनाई हुकूम देता येतो आणि तो डावलून झालेला विवाह मुळातच निरर्थक ठरतो. महाराष्ट्रात ग्रामसेवकावर गावपातळीवरील प्रतिबंध अधिकाऱ्याची जबाबदारी आहे.

ही झाली कायद्याची बाजू. गुन्हेशास्त्राचा विद्यार्थी पुढचे प्रश्न विचारतो : स्थलांतर कोणत्या महिन्यात होते? मुलीची शाळा कोणत्या इयत्तेत सुटते? वसतिगृहाची सोय झाली तर लग्नाची घाई कमी होते काय? ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी २०२१ साली मंजूर झालेली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना या दृष्टीने पाहिल्यास केवळ शैक्षणिक राहत नाही. ती गुन्हा टाळण्याचाही एक उपाय ठरते.

इतिहासाचा धडा

कायदा गुन्हेशास्त्राविना चालला तर काय होते, याचे कटू उदाहरण आपल्यासमोर आहे. ब्रिटिश राजवटीने १८७१ साली केलेल्या कायद्याने काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. गुन्हा व्यक्तीच्या कृतीत नसून तिच्या कुळात असतो, ही चुकीची समजूत त्यामागे होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या; मात्र गावागावांत पहिला संशय त्यांच्यावरच घेण्याची सवय अजूनही पुरती सुटलेली नाही.

याउलट औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही वसाहत उभारली. तेथे गंभीर गुन्ह्यांतील कैदी भिंतींवाचून राहू लागले व शेती करू लागले. याच प्रयोगावरून व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. विश्वास टाकला तर माणूस सुधारू शकतो, हे त्या वसाहतीने दाखवून दिले.

शिक्षणाची वाट

बारावीनंतर पाच वर्षांचा अथवा पदवीनंतर तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम घेता येतो. राज्यातील महाविद्यालयांत सामाईक प्रवेश परीक्षेद्वारे, तर राष्ट्रीय विधी विद्यापीठांत देशव्यापी परीक्षेद्वारे प्रवेश मिळतो. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या नियमांत गुन्हे व गुन्हेशास्त्र हा ऐच्छिक विषयांचा एक गट आहे. मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना छत्रपती संभाजीनगर येथे राष्ट्रीय विधी विद्यापीठ आणि शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था या दोन्ही उपलब्ध आहेत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत या विषयाच्या अध्यापनाची जुनी परंपरा आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता व तिच्या जोडीचे दोन कायदे अमलात आले आहेत. किरकोळ गुन्ह्यांसाठी समाजसेवेची शिक्षा त्यांत प्रथमच आली; तसेच सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करण्याची तरतूद टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाची आहे. त्यामुळे वकिली व न्यायसेवेबरोबरच सरकारी अभियोक्ता, परिवीक्षा अधिकारी, कारागृह प्रशासन व विधी सेवा या क्षेत्रांतही असे दुहेरी ज्ञान असलेल्या तरुणांची गरज राहील.

गावाचे काम

शिक्षकांनी दहावी-बारावीच्या वर्गात या अभ्यासाची माहिती द्यावी. हंगाम सुरू होण्यापूर्वीच्या ग्रामसभेत सरपंचांनी बाहेरगावी जाणाऱ्या कुटुंबांतील मुलींची नावनिशीवार यादी करून त्यांच्या निवासाची व शाळेची व्यवस्था ठरवावी. ज्या मुलीचे लग्न अशा रीतीने टळेल, तीच उद्या काळा कोट चढवून तालुक्याच्या न्यायालयात उभी राहू शकेल. कोयत्याच्या घरातील ती लेक गुन्ह्याचे कलम जाणेल आणि त्याचे कारणही जाणेल.