बादलीत बुडवलेली फळी आणि हळदीचा डाग

विनाइलच्या फळ्या विकणारे दुकानदार एक खेळ आवडीने करून दाखवतात. नमुन्याचा तुकडा बादलीत बुडवायचा, बाहेर काढून फडक्याने पुसायचा आणि विचारायचं, ‘बघा, काही झालं?’ काही होणारच नसतं, कारण फळी प्लास्टिकची आहे. पण पाण्याने खराब न होणारी जमीन पुसायलाही सोपी असते, असं कुठे आहे? ठाण्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेला हे कळायला एक अख्खा पावसाळा जावा लागला. आता ओळखीतलं कुणी लादी बदलायला निघालं की त्या आधी त्याला घरी बोलावतात आणि स्वतःची जमीन दाखवतात.

त्यांचा मूळ बेत काही वावगा नव्हता. जुन्या इमारतीतली मोझॅकची लादी फोडायची म्हणजे धूळ, डबर, सोसायटीची परवानगी आणि खालच्या मजल्यावरच्यांचे फुगलेले चेहरे. त्यापेक्षा लादीवरच एकमेकींत अडकवून बसवायच्या एसपीसी फळ्या त्यांना बऱ्या वाटल्या. चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी यांचा कडक गाभा, त्यावर लाकडाचं छापील चित्र आणि सगळ्यात वर पारदर्शक संरक्षक थर, अशी या फळीची रचना असते. त्यांनी पसंत केली ती गडद अक्रोडी रंगाची, बोटाला जाणवतील इतक्या खोल रेषांची आणि कडांना उतरती खाच असलेली. दुकानातल्या दिव्यांखाली ती खरोखरच देखणी दिसत होती.

घरी मात्र त्या रेषांत पीठ बसलं, रांगोळी बसली, बाल्कनीतून येणारी रस्त्याची धूळ बसली. कामाच्या मावशी ओलं फडकं फिरवायच्या तेव्हा वरवरचं निघायचं आणि खोलातल्याचा चिखल व्हायचा. तो वाळला की गडद रंगावर पांढुरक्या रेघा उमटायच्या. मावशींचा यात काही दोष नव्हता. कडांच्या खाचांचंही तेच, फक्त त्या फळीगणिक ठरलेल्या जागी काळ्या पडत गेल्या.

म्हणून बाईंचा पहिला सल्ला रंगाबद्दल नसतो, पोताबद्दल असतो. नमुन्यावर डोळे मिटून हात फिरवा. बोट अडखळलं तर घाणही अडखळणार. कडा सपाट किंवा अगदी किंचित उतरत्या हव्यात. रंग मध्यम, थोड्या छटा मिसळलेला घ्यावा. एकरंगी गडद जमिनीवर धूळ उठून दिसते, फिक्या जमिनीवर डाग.

संरक्षक थराबाबत दुकानात सर्रास गोंधळ होतो. विक्रेता ‘पाच एमएम’ म्हणतो ती सगळ्या फळीची जाडी. विचारायची ती वरच्या थराची. ती अनेकदा ‘मिल’मध्ये लिहिलेली असते आणि मिल म्हणजे मिलिमीटर नव्हे: १२ मिल म्हणजे सुमारे ०.३ मिलिमीटर, २० मिल म्हणजे सुमारे ०.५. दारातून वाळू-माती येणाऱ्या घराने जाड थराकडे झुकावं. ओरखडे पडले की मळ धरायला नव्या जागा तयार होतात.

मराठी स्वयंपाकघराची खरी परीक्षा हळद घेते. तिच्यातला पिवळा रंग तेलात सहज विरघळतो, पाण्यात फारसा नाही. फोडणीचा थेंब नुसत्या पाण्याने जात नाही तो त्यामुळे. साबण लावावा तर डाग लालसर होतो आणि घासणारी व्यक्ती दचकते. घाबरू नये, अल्क लागलं की हळद रंग बदलते. नमुन्याचा तुकडा घरी आणून त्यावर हळद घातलेलं तेल रात्रभर ठेवावं आणि सकाळी पुसून बघावं. बादलीच्या खेळापेक्षा ही परीक्षा कितीतरी प्रामाणिक.

सगळ्यात चिवट डाग मात्र हळदीने पाडला नाही, पायपुसण्याने पाडला. रबराच्या पाठीची पायपुसणी विनाइलवर महिनोन्‌महिने पडून राहिली तर रबरातली रसायनं वरच्या थरात उतरतात आणि जागा पिवळी पडते. हा डाग वरून बसलेला नसतो, त्यामुळे घासून निघत नाही. बाईंच्या दाराशी आता सुती सतरंजीचा तुकडा असतो.

पुसण्याची आपली सवयही थोडी बदलावी लागते. या फळ्या प्रसरणासाठी भिंतीपासून काही मिलिमीटर अंतर सोडून बसवतात आणि ती फट स्कर्टिंगखाली झाकतात. बादलीभर पाणी ओतून लादी धुतली की पाणी तिथून आत जातं. फळीला काही होत नाही, पण खाली कोंडलेल्या ओलीला कुबट वास येतो. आधी कोरडा झाडू, मग घट्ट पिळलेलं फडकं आणि सौम्य द्रव साबणाचे थोडे थेंब, एवढं पुरतं. टाइल्स घासायचं ॲसिड, ब्लीच, वाफेचा मॉप आणि तारेची घासणी लांब ठेवावी. धुण्याच्या मोरीत आणि बाथरूममध्ये तर सरळ सिरॅमिकच बरं.

आणि बसवून झाल्यावर एक खोकं जास्तीचं मागून घ्यावं. पुढच्या खेपेच्या मालाची छटा जुळेलच असं नाही. ते पलंगाखाली आडवं ठेवावं. उभं टेकवलं तर फळ्या वाकतात.