आधी जुना कॉम्प्युटर तपासा, मग नवं ग्राफिक कार्ड घ्या

ग्राफिक कार्ड घ्यायचं ठरलं की घरात चौकशी सुरू होते ती कार्डाचीच. किती जीबीचं, कितीला पडेल, सेल कधी आहे. ते ज्या कॉम्प्युटरमध्ये बसवायचं, त्याचं कॅबिनेट मात्र कुणी उघडून बघत नाही. ठाणे, डोंबिवली, कल्याण इथल्या ओळखीच्या घरांत असे फसलेले बरेच व्यवहार मी पाहिले. बहुतेक ठिकाणी कार्ड चांगलं होतं, पण मशीनला ते झेपणारं नव्हतं.

माझी भाची कल्याणला राहते आणि व्हिडिओ एडिटिंग शिकते. तिच्याकडचा कॉम्प्युटर थोरल्या भावाचा, २०१४च्या सुमारास घेतलेला. चौथ्या पिढीचा आय५ प्रोसेसर आणि एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड. सुट्टीत शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून तिने कार्ड घेतलं. दुकानात एकच प्रश्न झाला, “एसएमपीएस किती वॅटचा?” तिने सांगितलं, “साडेचारशे.” “मग चालेल बिनधास्त.” कार्ड बसलं, स्क्रीन आला, ड्रायव्हरही टाकून झाला. पण व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की थोड्याच वेळात मशीन खटकन बंद. तिचा फोन आला, “मामा, कार्डच खराब निघालं का रे?”

मी कॅबिनेटची बाजू उघडून एसएमपीएसचं, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याचं, स्टिकर वाचलं. वर ठळक अक्षरांत ४५०. खाली बारीक तक्ता असतो, त्यात कोणत्या व्होल्टला किती अँपिअर मिळतात ते लिहिलेलं असतं. तिथे १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर होते. बारा गुणिले सोळा, म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघांचीही मुख्य भूक या १२ व्होल्टवरच भागते. प्रोसेसर ८४ वॅटचा, कार्ड शंभराच्या वर, शिवाय हार्ड डिस्क आणि पंखे. एक्स्पोर्टच्या वेळी सगळे एकदम जोरात चालले की मागणी दोनशेच्या पलीकडे जायची आणि एसएमपीएस बंद पडायचा. तो बदलल्यावर बंद पडणं थांबलं. वेग मात्र हवा तेवढा आला नाही, कारण दुसरी अडचण स्लॉटमध्ये होती.

म्हणून कार्डाची किंमत विचारण्याआधी पुढच्या गोष्टी या क्रमाने बघा.

एसएमपीएस. मोठ्या आकड्याकडे दुर्लक्ष करा आणि १२ व्होल्टचे अँपिअर बाराने गुणा. येईल तीच तुमची खरी ताकद, आणि तीही सगळी वापरायची नसते. निदान पाव भाग शिल्लक ठेवा. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून जास्त लागले तर एसएमपीएसमधून वेगळी वायर लागते: सहा पिनची ७५ वॅट देते, आठ पिनची १५०. जीटीएक्स १६५० हे ७५ वॅटचं कार्ड. त्याची बरीच मॉडेल्स वायरशिवाय चालतात, पण त्याच नावाच्या काही मॉडेल्सना सहा पिनची वायर लागते. तेव्हा नावावर जाऊ नका, नेमकं मॉडेल बघा. स्वस्तातल्या एसएमपीएसला कन्व्हर्टर लावून पिन तयार करण्याचा जुगाड तर करूच नका. वायर तापून जळण्याचा धोका असतो.

स्लॉट. लांब स्लॉट दिसला म्हणजे काम झालं असं नाही. एच८१ बोर्डावर प्रोसेसरला पीसीआय एक्स्प्रेसची पुढची आवृत्ती चालत असली तरी कार्डाचा स्लॉट २.० याच वेगाने चालतो. दुसरीकडे आरएक्स ६४०० आणि आरएक्स ६५०० एक्सटी ही कार्डं स्लॉटच्या सोळापैकी चारच लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, वापरतात. ४.० आवृत्तीच्या बोर्डावर या चार लेनमधून सेकंदाला साधारण ८ जीबी डेटा जातो, २.० वर फक्त २ जीबी. कार्डाची स्वतःची मेमरी भरली की सगळी ये-जा याच वाटेने होते आणि काम अडखळतं. जीटीएक्स १६५० सोळाही लेन वापरतं, त्यामुळे त्याच जुन्या बोर्डावर त्याला ८ जीबी मिळतात. एडिटिंग करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: वरच्या दोन आरएक्स कार्डांत व्हिडिओ एन्कोड करणारा भागच नाही, म्हणजे एक्स्पोर्टचा तो भार प्रोसेसरवरच पडतो.

जागा. कंपन्यांमधून निघालेले रिफर्बिश्ड डेस्कटॉप आपल्याकडे घरोघरी आहेत. त्यातल्या बारक्या कॅबिनेटमध्ये अर्ध्या उंचीचंच कार्ड बसतं, आणि एसएमपीएस बऱ्याचदा कंपनीच्या खास मापाचा असतो, बाजारातला लागत नाही. अशा मशीनला वायर न लागणारं, लो प्रोफाइल कार्डच बघावं. मोठ्या कॅबिनेटमध्येही मागच्या पट्टीपासून हार्ड डिस्कच्या खणापर्यंत टेपने माप घ्या.

मॉनिटर आणि यूपीएस. जुन्या मॉनिटरला फक्त निळी व्हीजीए वायर असेल तर नव्या कार्डाला ती लागणार नाही. तिथे एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट असतात. चांगला कन्व्हर्टर किंवा दुसरा मॉनिटर हिशेबात धरा. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच झेलतो. वीज गेली की मॉनिटर आणि नवं कार्ड मिळून तो ओव्हरलोड होऊ शकतो आणि चालू काम जातं.

बायोस आणि विंडोज. विंडोजमध्ये ‘सिस्टम इन्फर्मेशन’ उघडा. तिथे मदरबोर्डचं नाव मिळतं आणि बायोस मोड लेगसी आहे की यूईएफआय तेही कळतं. लेगसीवरच्या काही जुन्या बोर्डांवर नवं कार्ड लावलं की स्क्रीन काळाच राहतो; बोर्डच्या कंपनीने बायोस अपडेट दिलं आहे का ते आधी बघा. इंटेलची आर्क कार्डं जुन्या मशीनसाठी टाळाच. त्यांना रिसायझेबल बार ही सोय लागते आणि इंटेलच्या बाजूला दहाव्या पिढीपासूनचा प्रोसेसर अपेक्षित आहे. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत नाही. अशा मशीनवर किती खर्च करायचा, याचा विचार इथेच करा.

हे सगळं एका कागदावर उतरवा: मदरबोर्डचं नाव, प्रोसेसर, १२ व्होल्टचे अँपिअर, मोकळ्या वायरींच्या पिना, कॅबिनेटमधली लांबी, मॉनिटरची वायर. स्टिकरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. मग स्टेशनजवळच्या दुकानात जा किंवा दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा आणि लॅमिंग्टन रोड गाठा; दुकानदाराशी बोलणं नेमकं होतं. “चालेल ना?” असं विचारू नका. “या बोर्डावर, या एसएमपीएसवर हे मॉडेल चालेल का, आणि नाही चाललं तर बदलून द्याल का?” असं विचारा आणि उत्तर बिलावर लिहून घ्या. बिल जीएसटीचं, कार्डाचा सीरियल नंबर टाकलेलं हवं. वॉरंटीच्या वेळी तेच कामाला येतं.

शेवटी बेरीज करा. कार्ड, एसएमपीएस, मॉनिटर किंवा कन्व्हर्टर, जमल्यास मोठा यूपीएस. ही बेरीज आठव्या पिढीच्या किंवा त्यापुढच्या चांगल्या सेकंडहँड मशीनच्या जवळ जात असेल, तर जुन्यात पैसे घालू नका. तेवढे पैसे नसतील तर आधी एसएसडी आणि रॅम वाढवा. रोजच्या कामात त्याचा फरक लगेच जाणवतो. एसएमपीएस घ्यावाच लागला तर चांगला घ्या, तो पुढच्या मशीनलाही लागेल. मुलं हे पैसे एकेक रुपया जमवून आणतात. त्यांच्याबरोबर बसून कॅबिनेट उघडायला आणि हा हिशेब करायला घरातल्या मोठ्यांनी एक संध्याकाळ काढावी.