वाल्डॉर्फमध्ये मत्स्यटाकीचा दिवा घेताना

जर्मनीत सुरुवातीची टाकी बहुधा ५४ लिटरची असते : लांबी ६० सेंटिमीटर, रुंदी आणि उंची ३०. तिच्यात खऱ्या वनस्पती वाढवायच्या असतील, तर खोक्यावरचे वॅट सोडा आणि लुमेन वाचा. अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन यांना लिटरमागे १० ते २० लुमेन पुरतात. म्हणजे हजाराच्या आसपास लुमेन आणि साधारण ६५०० केल्विनचा पांढरा प्रकाश. असा एलईडी दिवा ३० ते ६० युरोंत मिळतो. त्याहून महाग दिवा या झाडांसाठी नको.

दुकानदार ताकदवान दिवा दाखवतो तेव्हा सावध राहा. लाल पानांची झाडे किंवा तळाला हिरवा गालिचा हवा असेल, तरच लिटरमागे ४० लुमेनचा विचार करा. मग कार्बन डायऑक्साइडचा संच आणि नियमित खतही लागते. संचाचेच शंभर युरो सहज होतात. नुसता उजेड वाढवलात तर शेवाळ पोसाल.

खोके उलटून मागची बारीक अक्षरे वाचा. ‘ओने नेट्सटाइल’ लिहिले असेल तर अॅडॅप्टर आत नाही, तो वेगळा घ्यावा लागेल. डिमर आणि ॲपचा कंट्रोलर यांचेही तसेच. टायमर मात्र हवाच. दुकानात ‘झाइटशाल्टउअर’ मागा. साधा पाच ते आठ युरोंत येतो. सुरुवातीला दिवसाला सहा तास उजेड द्या, मग आठपर्यंत वाढवा. १२ वॅटचा दिवा रोज आठ तास लावला तर वर्षाला ३५ युनिट जळतात. ३५ सेंट दराने सव्वाबारा युरो.

जुनी टाकी घेताय? झाकणातली नळी मोजा. युवेल कंपनीच्या जुन्या झाकणातल्या टी-५ नळ्या नेहमीच्या मापाच्या नसतात : २४ वॅटची त्यांची नळी ४३.८ सेंटिमीटर, बाजारातली साधी ५५ च्या आसपास. शिवाय साध्या टी-५ आणि टी-८ नळ्या युरोपीय बाजारात नव्याने आणणे ऑगस्ट २०२३ पासून बंद आहे. तेव्हा एलईडी बसवण्याचा खर्च धरूनच भाव करा.

हाताळून घ्यायचा असेल तर जवळच्या हायडेलबर्गमधले कोले झू हे दुकान गाठा, पण रविवारी नाही. दुकानातला माल ‘आवडला नाही’ म्हणून परत घेण्याची कायद्याने सक्ती नाही, आधी विचारा. ऑनलाइन घेतल्यास १४ दिवसांत कारण न देता परत करता येतो, मात्र परतीचे टपाल कोणाच्या खिशातून जाणार ते मागवण्याआधी पाहा. सदोष मालाची जबाबदारी विक्रेत्यावर दोन वर्षे असते, म्हणून बिलाचा फोटो काढून ठेवा. थर्मल कागदावरची अक्षरे उडतात. क्लाइनआनत्साइगन या जाहिरातींच्या संकेतस्थळावर खासगी माणसाकडून घेतलात तर ही हमी बहुधा नाकारलेली असते, तेव्हा दिवा समोर लावूनच पैसे द्या. चीनमधून थेट मागवलात तर किमतीवर १९ टक्के कर आणि कुरिअरचे हाताळणी शुल्क धरा.

वायर पाण्याकडून प्लगकडे जाताना मध्ये खाली झोळ ठेवा, म्हणजे थेंब प्लगपर्यंत पोचणार नाहीत. जुन्या नळीत पारा असतो. ती घरच्या कचऱ्यात न टाकता संकलन केंद्रावर द्या. तिथे ती फुकट घेतात.