पांडुरंग : नाव आणि हाक

सज्जनहो, वारकऱ्यांच्या घरी मुलाचे नाव ‘पांडुरंग’ ठेवण्याची चाल जुनी. या नावाचा अर्थ काय? पांडु म्हणजे पांढुरका. ज्याचा रंग पांढुरका तो पांडुरंग, असा हा बहुव्रीही समास. मग विटेवरची मूर्ती सावळी कशी? कीर्तनात आम्ही सांगतो की, गाईंच्या खुरांची धूळ बसून सावळा कृष्ण पांढुरका दिसला. रा. चिं. ढेऱ्यांसारखे संशोधक निराळे सांगतात : पंढरपूरचे जुने कानडी नाव ‘पंडरगे’, त्याचेच हे संस्कृत रूप. म्हणजे गावाचे नाव देवाला लागले. ते कसेही असो, नाव देवाचेच.

आता, ते मुलाला का ठेवायचे? भागवताच्या सहाव्या स्कंधात अजामिळाची कथा आहे. मरणकाळी त्याने ‘नारायण’ म्हणून हाक मारली ती मुलाला. पण तेवढ्याने तो तरला. तशी, पोराला हाक मारता मारता नामस्मरण घडावे, एवढाच हेतू. आणि आपण करतो काय? ‘पांडू’, ‘पांड्या’! १९७५ च्या ‘पांडू हवालदार’ चित्रपटानंतर तर पोलीस शिपायाला चिडवायचा तो शब्दच झाला.

ज्याचे नाव, त्यानेही नावाला जागावे. साने गुरुजींचे नाव पांडुरंग सदाशिव. विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात ते पंढरपुरात उपोषणाला बसले. पांडुरंगाने पांडुरंगाचे दार सर्वांसाठी उघडायला लावले!

तेव्हा मायबापहो, हाक मारायची तर पुरती मारा. जिभेला कसले ओझे होते?